दुसऱ्याच्या नावावर विकलेल्या आठ घोंगड्या

त्या कंपनीचं नाव मी इथं लिहिणार नाही. तसं मी स्टॅम्पपेपरवर लिहून दिलेलं आहे की हे नाव यापुढं मी कुठल्याही वस्तूवर, पाटीवर, पत्रकावर किंवा वेबसाइटच्या पत्त्यात वापरणार नाही. आठवणी लिहायला बंदी नाही, असं आमचे वकीलसाहेब म्हणाले होते. पण दुधानं तोंड पोळलेलं माणूस ताकही फुंकून पितं. एक नाव गाळायचं, तर सगळीच गाळलेली बरी.

लागोपाठ दुसऱ्या दुष्काळाचं वर्ष होतं. शहराला तेव्हा औरंगाबाद म्हणायचे. नळाला आठवड्यातून एकदा पाणी यायचं, तेही कधी येईल त्याचा भरवसा नसायचा, म्हणून मी कामावर असतानाही मन घरच्या पिंपाजवळ असायचं. आणि एवढं असूनही शहर वाढतच होतं. बायपासच्या कडेनं रोज नवा बोर्ड लागायचा. प्यायला पाणी नाही तिथं ‘लेक व्ह्यू’ नावाची स्कीम निघाली होती, आणि लोक रांगा लावून बुकिंग करत होते.

मी क्रांती चौकाजवळ एका झेरॉक्सच्या दुकानावर, दोन खोल्यांच्या ऑफिसात वेबसाइट तयार करायचं काम करायचे. कोचिंग क्लास, वेरूळ रस्त्यावरची हॉटेलं, आणि बिल्डर तर विचारूच नका. ऑफिसच्या मालकांना आम्ही सर म्हणायचो. माणूस वाईट नव्हता, पण डोक्यात चोवीस तास प्लॉट. तीन प्लॉट घेऊन दोन विकले होते आणि त्या दोनांची गोष्ट ते रोज सांगायचे.

माझे वडील, ज्यांना आम्ही दादा म्हणतो, त्या उन्हाळ्यात आईला घेऊन शहरालगतच्या सातारा परिसरातल्या माझ्या खोलीवर राहायला आले. आमचं घराणं मेंढपाळाचं. दुष्काळाच्या चारा छावणीत गाईबैलांना दावण मिळाली, मेंढरांना कुणी विचारलं नाही. चारा संपला, पाणी संपलं, आणि दादांनी सगळा कळप एका दिवसात विकला. चाळीस वर्षं मेंढरांमागं चाललेला माणूस तिसऱ्या मजल्यावर आला. त्यांना बसवायचंच नाही. सकाळी बायपासपर्यंत चालत जायचे, दुपारी परत, संध्याकाळी पुन्हा. जिथं पूर्वी त्यांनी मेंढरं चारली होती तिथं आता प्लॉट आखलेले, चुना मारलेले दगड होते.

“लई दगडं लावलेत,” परत आल्यावर सांगायचे, आणि पाणी पिऊन पुन्हा दारात उभे.

झोप तर त्यांची पार उडालीच होती. चाळीस वर्षं कळपाच्या मधोमध झोपलेले. कोकराचा आवाज नाही, अंगाला अंग नाही, तर डोळा लागणार कसा? मी त्यांच्यावर चिडायचे. खरं तर ती येरझार माझ्याही अंगात आहे. मीसुद्धा एका खुर्चीवर तासभर टिकत नाही. स्वतःचा अवगुण दुसऱ्यात दिसला की राग जास्त येतो.

मेंढरं गेली तरी लोकर राहिली होती. शेवटच्या दोन कातरणींची काळी लोकर दादांनी विकली नव्हती. आई, म्हणजे आमची माय, ती कातत बसायची. कातलेलं सूत वेरूळच्या बाजूला एका खेड्यात विणकराकडं जायचं. अशा एकतीस घोंगड्या झाल्या. सुताला लावलेल्या चिंचोक्याच्या खळीचा आणि मेंढराचा मिळून एक वास असतो, तो माझ्या खोलीभर पसरला. शेजारीण नाक मुरडायची. मी मात्र त्या ढिगाकडं बघून ठरवलं की या घोंगड्या आठवडी बाजारात मातीमोल जाऊ द्यायच्या नाहीत. हा आमच्या कळपाचा शेवटचा माल होता, आणि वेबसाइट बनवणारी मुलगी घरात होती.

आता नावाचा प्रश्न. त्या काळात चादरी-ब्लँकेटांची एक मोठी कंपनी होती. चौकात तिचं होर्डिंग होतं, आमच्या ऑफिसच्या खिडकीतून निम्मं आकाश तेच. तिचं नाव म्हणजे कुठल्या भाषेतला शब्द नव्हता, त्यांनीच घडवलेलं होतं, पण ऐकताच ऊब वाटावी असं. मी काय केलं, तर त्या नावाला ‘घोंगडी’ जोडलं आणि वेबसाइटच्या पत्त्यासाठी ते डोमेन मिळतंय का ते पाहिलं. हिरव्या अक्षरांत आलं, उपलब्ध आहे. दहा मिनिटांत ते माझ्या नावावर झालं.

सरांनी मागून डोकावून पाहिलं. “वा! कोपऱ्याचा प्लॉट मारलास तू. मोठ्या स्कीमच्या शेजारी घ्यावा. गिऱ्हाईक त्यांच्याकडं जाता जाता आपल्याकडं वळतंच. और कल को उन्हीं को चाहिए तो मुँहमाँगा दाम.”

मला ते पटलं. खोटं कशाला सांगू, मी मनात तसंच धरलं होतं. माझं नाव, माझी पावती, माझा ताबा. त्या वर्षी शहरात जो तो अशाच भाषेत विचार करायचा. ट्रेडमार्कची नोंदणी कुणाकडं आहे हे सरकारी साइटवर फुकट शोधता येतं, हे मला माहीत होतं. दुसऱ्या गिऱ्हाइकांसाठी मी ते दोनदा केलंही होतं. स्वतःच्या वेळी केलं नाही, कारण उत्तर काय येईल ते ठाऊक होतं.

गुलमंडीच्या बाजारातून त्याच नावाची कापडी लेबलं शिवून आणली आणि मायनं ती एकतीस घोंगड्यांच्या कोपऱ्यांना टाचली. दादांनी एक कोपरा हातात धरून विचारलं, “हे काय लिव्हलंय?”

“आपल्या दुकानाचं नाव.”

“आपलं?”

“आपलंच, दादा.”

त्यांनी मान हलवली आणि फिरायला गेले.

मी साइट सुरू केली आणि आठवडाभरात मेल यायला लागले. पहिला मेल तक्रारीचा. कुणाच्या तरी गुलाबी ब्लँकेटचा रंग गेला होता. आमच्याकडं गुलाबी काय, काळ्याशिवाय दुसरा रंगच नव्हता. मी तो पुसून टाकला. मग एका बाईंनी विचारलं, तुमच्या कंपनीची ब्लँकेटं आम्ही कायम वापरतो, सासऱ्यांच्या सांधेदुखीसाठी शुद्ध लोकरीचं काही आहे का? मी बराच वेळ त्या मेलकडं बघत बसले. मग लिहिलं, “होय, आमच्याकडं हाताने विणलेली शुद्ध लोकरीची घोंगडी आहे.” यातला एकही शब्द खोटा नव्हता. पण ‘आमच्याकडं’ म्हणजे कुणाकडं, हे मी त्यांना सांगितलं नाही.

अशा आठ गेल्या. आणखी तीन ओळखीपाळखीत गेल्या. पार्सल बांधताना दादा मदतीला बसायचे. तेवढा वेळ त्यांचे पाय जागेवर राहायचे, म्हणून मला त्या पार्सलांचा फार आनंद वाटायचा.

“तिकडं आपल्याला कोण वळखतं गं बाई?”

“इंटरनेटवर सापडतो आपण,” मी म्हणाले. ते खूश झाले. मेल आला की मी मात्र आधी कोण चुकून आलंय ते पाहायचे. चोराच्या मनात चांदणं.

नोटीस आधी मेलवर आली आणि मग रजिस्टर पोस्टानं. कंपनीच्या वकिलांनी लिहिलं होतं की तुमचं डोमेन आमच्या नोंदणीकृत नावाशी फसवं साम्य दाखवतं, त्यापुढं घोंगडी हा शब्द लावल्यानं फरक पडत नाही, उलट आमचाही धंदा त्याच जातीच्या मालाचा असल्यानं गोंधळ वाढतो. डोमेन आमच्या नावे करा, वापर थांबवा. मी रागानं लाल झाले. एवढी मोठी कंपनी आणि तिला आमच्या तीस घोंगड्या खुपतात! आयत्या बिळावर नागोबा, असं मी त्यांना ऑफिसात सगळ्यांसमोर म्हणाले. बीळ कुणाचं आणि नागोबा कोण, याचा हिशेब मी उलटा लावला होता.

सर म्हणाले, “घाबरतेस कशाला? गरज त्यांना आहे. भाव सांग.”

आणि मी भाव सांगितला. लेखी. ‘आपल्याला हे डोमेन हवं असल्यास योग्य किमतीत देण्याची माझी तयारी आहे,’ आणि खाली आकडा. आयुष्यात लिहिलेल्या पत्रांपैकी एक परत घ्यायची मुभा मिळाली असती, तर मी हेच घेतलं असतं.

दोन दिवसांनी आलेलं उत्तर जाड होतं. आता डोमेन फुकट हवं होतं. झालेल्या विक्रीची यादी हवी होती. शिवाय हे नाव असलेला सगळा माल आठ दिवसांत जमा करायचा होता, नष्ट करण्यासाठी. नाहीतर लवादाकडं आणि कोर्टात.

नष्ट करण्यासाठी. मी ते वाक्य जिन्यात उभं राहून तीनदा वाचलं. कंपनीच्या दृष्टीनं वीस नग शिल्लक माल. आमच्या घरात मेंढरांचं तेवढंच उरलं होतं.

अदालत रोडवर एक म्हातारे वकीलसाहेब बसायचे, त्यांच्याकडं गेले. त्यांनी चष्मा कपाळावर चढवून दोन्ही बाजूंची पत्रं वाचली. मग मला विचारलं, “हे नाव तुमच्या घरात, गावात, आधी कोणी वापरायचं का?”

“नाही.”

“मग सुचलं कसं?”

मी खिडकीबाहेर बघितलं. त्यांनी तेवढ्यावरच ओळखलं.

“बेटा, डोमेन मिळालं म्हणजे नावाचा हक नाही मिळत. ज्यानं विकलं तो फक्त बघतो, कोणी घेतलंय का. कोणाचं आहे ते नाही बघत. ते तुम्ही बघायचं असतं.” त्यांनी माझं भावाचं पत्र दोन बोटांनी उचललं. “तरी मी म्हणालो असतो, गावाकडची पोरगी आहे, समजलं नाही तिला. पण हे तुम्ही लिहून बसलात. असल्या मामल्यात शेवटी सगळं नियतवर येतं. आणि तुमची नियत तुम्ही स्वतः टाइप करून पाठवली.”

“घोंगड्या वाचतील का?”

“त्या लोकांचे मेल आले होते का तुमच्याकडं? चुकून?”

“आले होते.”

“जवाब दिला?”

मी होय म्हणाले. त्यांनी चष्मा खाली ओढला. मग म्हणाले की डोमेन द्यावंच लागेल, त्यात वाद नको. मालाबद्दल ते बोलून बघतील. लेबलं काढून त्यांच्या ताब्यात दिली तर कदाचित ऐकतील. पण यादी खरी पाहिजे. एकही नाव लपवायचं नाही.

घरी आले तेव्हा दादा नुकतेच बायपासवरून आले होते. मी त्यांना बसा म्हणाले, तर बसले नाहीत. उभ्यानंच ऐकलं. कंपनी, नाव, नोटीस, माल जाळतील ते. मला वाटलं होतं, माल जाळतील म्हटल्यावर ते खचतील. ते खचले नाहीत. त्यांनी एवढंच विचारलं, “म्हंजी तू दुसऱ्याची खूण लावली आपल्या मालावर?”

खूण हा शब्द मी लहानपणापासून ऐकत आले होते. मेंढराच्या कानाला चिरा आणि पाठीवर गेरूचा पट्टा, ही प्रत्येक घराची खूण. दादांचा पट्टा मानेमागं आडवा. चुलते वेगळे निघाले तेव्हा त्यांना नवी खूण घ्यायची होती. तर चार वडीलधाऱ्यांना बोलावून आधी विचारलं होतं की एका दिवसात चालून जाता येईल एवढ्या टापूत असा पट्टा कुणाचा आहे का. होता एकाचा. चुलत्यांनी मुकाट्यानं पट्टा मागं, शेपटाजवळ नेला. कारण पाणवठ्यावर दोन कळप मिसळले की भांडण खुणेवरूनच सुटतं. हे सगळं मला पाठ होतं. दहा मिनिटांत डोमेन घेताना यातलं काही आठवलं नाही, कारण मी तेव्हा स्वतःला मेंढपाळाची नव्हे, शहराची समजत होते.

“आन् ती आठ गिऱ्हाइकं?” दादांनी विचारलं.

“ती चुकून आली होती. त्यांना वाटलं, आपण ती कंपनी.”

“तू हाक दिली का?”

दुसऱ्याचं मेंढरू कळपात शिरलं तर दिवस मावळायच्या आत जवळच्या मुक्कामाला जाऊन हाक द्यायची, ज्याचं असंल त्यानं न्यावं. कुणी आलंच नाही तर सांभाळायचं, पण आपलं म्हणायचं नाही. आपल्याकडं असताना ते व्यालं, तर कोकरूसुद्धा त्याचं. लोकर कातरली, तर तीही त्याची. चाळीस वर्षांत दादांनी हे मोडलं नव्हतं. दुष्काळात कळप विकायच्या दिवशीसुद्धा कळपात एक परकं मेंढरू होतं. ते विकलं नाही, चार कोस चालत नेऊन दिलं.

“नाय दिली,” मी म्हणाले.

ते मला रागावले असते तर बरं झालं असतं. ते मायजवळ गेले आणि माझ्याकडं पाठ करून उभे राहिले. मला इतकी लाज आयुष्यात वाटली नव्हती. त्या कंपनीसमोर नाही वाटली, वकिलासमोर थोडी वाटली. पण दादांच्या त्या पाठीसमोर जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं झालं.

थोड्या वेळानं तेच म्हणाले, “लिव्ह.”

“काय?”

“हाक. आठी जणांना.”

त्यांनी उभ्याउभ्या सांगितलं, मी लिहिलं. हे घोंगडं तुम्ही ज्यांचं समजून घेतलं त्यांचं नाय. आमचं हाय. आमच्या मेंढरांचं. तुम्हाला नको असंल तर पाठवून द्या, पैसे परत करू, पाठवायचा खर्च आमचा. चूक आमची. मी थोडी भाषा सुधारायला गेले, तर म्हणाले, “काहून? समजंना का त्यांना?” मी तसंच पाठवलं. वकीलसाहेबांना दाखवल्यावर ते हसले. असं पत्र कोणी कोणाला लिहीत नाही, म्हणाले, पण ठेवा एक प्रत फाइलला.

कंपनीशी बोलणं आठवडाभर चाललं. त्या आठवड्यात आम्ही तिघंही त्या खोलीत नुसते फिरत होतो. दादा दार ते खिडकी, मी खिडकी ते मोबाइल, आणि माय चरख्याजवळ बसून सूत नसताना हात हलवायची. अखेर निरोप आला. डोमेन त्यांच्या नावे, स्टॅम्पपेपरवर हमी, आणि एकतीसपैकी जेवढी लेबलं हाताशी आहेत तेवढी उसवून, मोजून, फोटोसह पाठवायची. घोंगड्या आमच्या आम्हाला.

वीस लेबलं आम्ही एका दुपारी उसवली. मायनं टाके इतके घट्ट घातले होते की ब्लेडनं लोकर कापली जाईल याची भीती. मायच कुरकुरली, “माझ्याच हाताला शाप द्यावा वाटतोय.” दादा कोपरा ताणून धरायचे, ती उसवायची, मी लेबल पाकिटात टाकायचे. उसवलेल्या जागी चार-चार भोकं राहिली. नवं लेबल लावू का, असं मी विचारलं नाही आणि त्यांनीही काही सुचवलं नाही.

डोमेन दिलं त्या दिवशी सर हळहळले, “कोपऱ्याचा प्लॉट गेला.” पुढच्या महिन्यात मी ती नोकरी सोडली.

आठांपैकी दोघांनी उत्तरच दिलं नाही. पाच जणांनी लिहिलं की राहू द्या. त्यातल्या त्या सांधेदुखीवाल्या सासऱ्यांच्या सूनबाईंनी मात्र सरळ लिहिलं होतं की घोंगडी चांगली आहे, पण आधी सांगायला हवं होतं. हे त्यांचं बरोबरच होतं. मी ते वाक्य अजून विसरलेले नाही.

आणि एक परत आली. ऐन दुपारी कुरिअरवाला तीन जिने चढून घाम पुसत उभा राहिला. दादा नेहमीप्रमाणे दारातच होते. त्यांनी पार्सल फोडलं. आत चिठ्ठी नव्हती, आणि पाठवणाऱ्यानं लेबल स्वतःच उसवून टाकलं होतं. नाव नाही, खूण नाही, कुठल्याही दुकानातली असावी अशी नुसती काळी घोंगडी. दादांनी तिची कड दोन बोटांत चोळली, नाकाजवळ नेली, उजेडाकडं धरली. सुतात एक तांबूस झाक होती.

“ही आपल्या त्या लंगड्या मेंढीची,” म्हणाले. “कळपात तांबूस लोकर तिचीच.” आणि मग मायला हाक मारून, “अगं बघ. हाक दिली तर आली परत.”

त्यांनी ती फरशीवर अंथरली, कड सारखी केली आणि आडवे झाले. माय पाणी घेऊन आली, तर मी तिला खुणेनं थांबवलं. दादांना गाढ झोप लागली होती. कळप विकल्यापासून मी त्यांना पहिल्यांदाच झोपलेलं बघत होते. खाली नळाला पाणी आल्याचा गलका सुरू झाला, तरी मी त्यांच्याजवळून उठले नाही.